बेटाची तालीम

आमच्या भाऊजींनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा म्हणून केलीच नाही. जे काय केलं ते दुसऱ्यांदा. पहिली वेळ तालमीची. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. आधी पेन्सिलीनं रेघ ओढायची, चार दिवस तिच्याकडे बघायचं आणि मग तिच्यावर शाई फिरवायची, हा त्या कामाचा रिवाज. खात्यातले बाकीचे लोक संध्याकाळी पाचला हा रिवाज टेबलावर ठेवून घरी जायचे. भाऊजी तो सायकलीला लावून घरी आणायचे. "आधी पेन्सिल, मग शाई, सालेसाब," असं ते मला ऊठसूट ऐकवायचे. मी त्यांचा एकुलता एक मेहुणा, त्यामुळे पळून जायचीही सोय नव्हती.

त्यांनी स्वतःच्या लग्नाचीसुद्धा तालीम केली होती. आदल्या दिवशी दोन मावसभावांना धोतर धरून उभं केलं आणि अंतरपाटामागं मंगलाष्टकं संपेपर्यंत उभं राहिलं तर पाय किती दुखतात ते पाहून घेतलं. समोर वधूच्या जागी कोण, तर शेजारचे पोस्टमास्तर. हार घालून घ्यायला म्हणून बिचारे लाजून खाली वाकले आणि त्यांच्या कमरेत उसण भरली. खऱ्या लग्नाला ते येऊच शकले नाहीत. पुढं एकदा दाढ काढायची ठरली, तर आदला अख्खा दिवस तोंडात कापसाचा बोळा धरून, नुसत्या दुधावर राहून, खुणांनी बोलून झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन म्हणाले, "राहू द्या, आता बरं वाटतंय." साहेबांना जेवायला बोलवायचं होतं तेव्हा आदल्या रविवारी साहेब मी. पाट, रांगोळी, उदबत्ती, सगळं साग्रसंगीत. ते खुर्चीतून उठून "यावं साहेब" म्हणाले आणि मला काय दुर्बुद्धी झाली, मी हसलो. मला पुन्हा दाराबाहेर काढून पहिल्यापासून सुरुवात. पण श्रीखंड ताईच्या हातचं होतं, म्हणून मी साहेबगिरी निभावली. नंतर खरे साहेब आले ते एकादशीला, आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन गेले.

ह्या सगळ्यात ताई काय म्हणायची? ताई म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." ह्यापलीकडे तिचं काही म्हणणं असेल असं कुणाला वाटलंही नाही. मला तरी कुठं वाटलं होतं? ती जात्याच गरीब. त्यांना मूलबाळ नव्हतं. पलासियाला दोन खोल्यांचं घर, दारात पेरूचं झाड, आणि दर गुरुवारी आमच्या आईकडे फेरी. आईला डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालं होतं. घरात मी होतो, पण मी पडलो पुरुषमाणूस, गिरणीच्या हापिसात दिवसभर. आईची वेणी घालायची, तांदूळ निवडून डबे भरायचे, गल्लीत कुणाकडे काय झालं ते रंगवून सांगायचं, हे सगळं ताई गुरुवारी करून जायची. बुधवारी संध्याकाळपासूनच आईचा आवाज बदलायचा.

तेवढ्यात मध्य प्रदेश झाला. नवं राज्य, नवी राजधानी, आणि ती नेमकी भोपाळ. इंदूरच्या माणसाला ही गोष्ट अजूनही गळ्याखाली उतरत नाही, तेव्हा तर ती अगदी ताजी होती. कचेऱ्यांचं बाडबिस्तर एकेक करून भोपाळला चाललं होतं आणि भाऊजींचंही खातं हलणार अशी वार्ता आली. भाऊजी दोन दिवस धुमसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इंदूर सोडायचंच ना? मग भोपाळपर्यंतच का सोडायचं? सोडायचं तर दणकून सोडू!"

दणकून सोडायची सोयही हाताशी होती. त्यांचा एक वर्गमित्र आफ्रिकेत जाऊन बांधकामाच्या एका कंपनीत चांगला रुळला होता. नकाशे काढणारा माणूस त्याला हवाच होता. त्यानं कळवलं की जागा दोन आहेत, एक नैरोबीला आणि एक झांझिबारला. एक मोठं शहर, दुसरं समुद्रातलं बेट. पगार सारखाच, तुला आवडेल ती घे, पण दिवाळीच्या आत सांग. झालं! ज्या माणसाला दाढ काढायची की ठेवायची हे ठरवायला एक दिवस उपाशी राहावं लागतं, त्याच्यापुढं देवानं हे ताट वाढलं.

भाऊजींनी आधी गावाचं मत घेतलं. न्हावी म्हणाला, "टापू तो अच्छा हे भिया, पर वां नाई नी मिला तो?" टांगेवाला म्हणाला शहर, बेटावर घोडा धावणार तरी किती! गल्लीतले एक म्हातारे, ज्यांचे पणजोबा दरबारी फौजेबरोबर इकडे आले होते, ते म्हणाले, "आपले लोक नर्मदा ओलांडून माळव्यात आले ते पुरे झालं. आता आणखी पाणी ओलांडू नये." भाजीवाली, वैद्य, खात्यातला शिपाई, पानवाला, सगळ्यांना विचारून झालं. मलाही विचारलं. मी तोंडात येईल ते बोललो. ताई गेली की आईचं काय, हे मला विचारायचं होतं, पण जावयाला असं विचारायची आमच्यात पद्धत नाही. आई तर "लेक दिल्या घरी" एवढंच म्हणाली आणि तेव्हापासून तिचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं. गुरुवारी ताई ताट पुढं करायची, आई म्हणायची, "पोट भरलंय गं." कशानं भरलं होतं ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

मतं सारखीसारखी पडली, तेव्हा भाऊजींनी रजा काढून तालीम जाहीर केली. आधी शहर. एका चुलतभावाची राजवाड्यापाशी तिसऱ्या मजल्यावर खोली रिकामी होती. तिथं आठ दिवस राहायचं. भाऊजींच्या मते परदेशी शहराचा मुख्य गुण म्हणजे तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही. आता राजवाड्यावर हे साधायचं कसं? तर भाऊजी आदल्या दिवशी दुकानोदुकानी फिरले आणि हात जोडून सांगून आले, "उद्यापासून आठ दिवस मला ओळखायचं नाही हं." जे ओळखत नव्हते त्यांनाही सांगून आले. व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी भाऊजी खाली उतरले की कापडवाला आपल्या गिऱ्हाइकाला कोपरानं ढोसायचा, "देखो, ये वोई हें जिनको अपन पेचानते नी!" पोहेवाला एक अक्षर न बोलता, भिंतीकडे तोंड करून, त्यांना दुप्पट शेव घालायचा. सराफ्यातले दोन सोनार तर मुद्दाम बघायला आले आणि जाताना म्हणाले, "भिया, कोई तकलीफ हो तो केना, वेसे अपन आपको जानते नी." जन्मभर ज्या राजवाड्यानं भाऊजींची दखल घेतली नव्हती, तिथं चार दिवसांत त्यांना चालणं मुश्कील झालं. ताई बापडी स्टोव्हवर स्वयंपाक करत होती आणि तीन मजले पाणी चढवत होती. पाचव्या दिवशी भाऊजींनी गाशा गुंडाळला. "शहरात फार ओळखी होतात," असा निष्कर्ष निघाला.

उरलं बेट. आता माळव्यात बेट कुठून आणायचं? पण ओंकारेश्वर होतं ना! नर्मदेच्या मधोमध उभा डोंगर, चारी बाजूंनी पाणी, पूल नाही, जायचं तर नावेनं. भाऊजींना बेटच हवं होतं, देव त्यावर आयताच मिळाला. ताईला घेऊन भाद्रपदात ते तिकडच्या एका धर्मशाळेत जाऊन राहिले. पण इंदूरची माणसं ती इंदूरचीच! "दर्शन होईल आणि जावईबापूंचं बेटही बघू" म्हणून आते, मामे, चुलत, जो तो फराळाचे डबे घेऊन गाडीत बसला. बेटावरच्या एकांताची तालीम चाललेल्या त्या खोलीत एके दुपारी पंगत बसली होती. भाऊजी वाढताना म्हणत होते, "झांझिबारला एवढी माणसं येणार नाहीत, हे लक्षात ठेवून जेवा."

शेवटी आई म्हणाली, "मलाही ने रे. कसल्या जागी राहणार आहे ते पाहू दे." पाहू दे म्हणाली! तिला छोट्या गाडीनं ओंकारेश्वर रोडला नेलं, तिथून मोटारीनं घाटावर, मग नावेनं पलीकडे. तिथं ताईचा हात धरून आईनं ते बेट पायांनी आणि कानांनी पाहिलं. पायऱ्या मोजल्या नाहीत, देवाजवळ काही मागितलं नाही. नुसतं सारखं विचारत होती, "पाणी कुठल्या बाजूला गं?" आणि ताई सांगत होती, "सगळ्या बाजूंनी, आई."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. आईला घाटापर्यंत पोचवायला म्हणून ताई नावेतून आमच्याबरोबर अलीकडे आली. भाऊजी तिकडेच राहिले; एक माणूस कायम बेटावर पाहिजे, नाहीतर तालीम मोडते, असं त्यांचं म्हणणं. आम्ही अलीकडच्या पायऱ्यांवर उतरलो, आईला पाणी दिलं, मोटारीची चौकशी केली, तेवढ्यात नावाड्यांची धावपळ सुरू झाली. वरती कुठंतरी मोठा पाऊस झाला होता. बघता बघता नर्मदा गढूळ झाली, घाटाच्या पायऱ्या एकेक करून गिळायला लागली, आणि तिचा जो आवाज सुरू झाला, तो माझ्या अजून कानात आहे. नावाड्यांनी नावा वर ओढून बांधल्या. "आज नी चलेगी. कल देखेंगे."

असे आम्ही तिघं ह्या काठावर आणि भाऊजी त्या काठावर. पलीकडच्या घाटावर ते उघडेबंब, धोतर खोचून उभे असलेले दिसत होते. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "काडेपेटी कुठंय?" काडेपेटी ताईच्या पदराच्या गाठीत होती. ताईनं ती उंच धरून दाखवली. भाऊजींनी कपाळाला हात लावला. मग बराच वेळ येरझाऱ्या घातल्या, पाण्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. आणि मग सगळ्या इंदुराला विचारून झालेला प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच जिला विचारायला हवा होता तिला विचारला. घशाच्या शिरा ताणून ओरडले, "बेटावर हे असं होणार! तू काय म्हणतेस? काय करायचं?"

ताई सवयीनं म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

आता हे वाक्य स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत जाण्याइतकंच होतं. पूर आलेली नर्मदा ओलांडून जायची त्यात ताकद कुठली? भाऊजींनी कानाला हात लावला. "काय?" ताई पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. "काय? ऐकू येत नाही!" आमच्या शेजारी एक धिप्पाड नावाडी बिडी ओढत बसला होता. त्याच्यानं हे बघवेना. तो उठला, बिडी विझवली आणि म्हणाला, "भाबी, तम म्हने बोलो. हूँ केई दूँ उनखे. म्हारो गलो पार जाय हे." मला सांगा, मी त्यांना कळवतो, माझा गळा पलीकडे पोचतो, असं त्याचं म्हणणं.

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. मग खाली आईकडे पाहिलं. आई पायरीवर बसली होती आणि तिनं ताईचा पदर मुठीत धरला होता. धरलाय हे तिचं तिलाही ठाऊक नसावं. आणि लग्न झाल्यापासून जी बाई कधी मोठ्यानं शिंकलीसुद्धा नव्हती, ती त्या परक्या माणसाला खणखणीत आवाजात म्हणाली, "उनको बोलो, मुझे नहीं जाना. शहर भी नहीं, टापू भी नहीं. मला माझ्या आईला सोडून कुठंही जायचं नाही!"

नावाड्यानं मराठीसकट सगळं समजून घेतलं, छाती भरली आणि सोडलं, "मालक! भाबी नी जायगी बोल री हे! शेर बी नी, टापू बी नी! माँ के छोड़ के नी जायगी!"

तिकडे भाऊजी पायरीवर मटकन बसले. चारचौघांत, भर घाटावर, नावाड्याच्या तोंडून नकार! आता हा माणूस काय करेल? जरा वेळानं ते उठले आणि त्यांनीही तिकडचा एक नावाडी पकडला. उत्तर आलं, "मालक पूछ रिया हे, पेले क्यों नी बोली?"

"पूछा कब?" ताई म्हणाली. तिला आता नावाड्याची गरजही उरली नव्हती, असा आवाज लागला होता. तरी त्यानं आपलं काम केलं: "के री हे, पूछा कब?"

दोन्ही घाटांवर यात्रेकरू जमले होते. पंडे सोवळ्यात उभे होते, नारळवाल्या बायका टोपल्या सोडून आल्या होत्या. आमच्या ताई-भाऊजींचा आयुष्यातला पहिला मोकळा संवाद हिंदीतून, दोन नावाड्यांच्या मार्फत आणि नर्मदामय्याच्या साक्षीनं चालला होता. तिकडचा नावाडी बराच वेळ भाऊजींच्या तोंडाला कान लावून उभा होता. मग तो आधी स्वतःच हसला आणि ओरडला, "मालक के रिया हे कि उनको बी नी जाना था!"

आणि मग आमच्याकडचा नावाडी, कुणी सांगितलेलं नसताना, स्वतःच्या मनचं ओरडला, "तो फिर जा कोन रिया था, भिया?"

दोन्ही काठ हसले. ताई हसता हसता रडायला लागली, मला तर कळेचना की मी काय करतोय, मी त्या नावाड्याला मिठी मारली. आईनं मुठीतला पदर सोडला, आपल्याच हाताकडे न दिसणाऱ्या डोळ्यांनी पाहिलं आणि पदराच्या चुण्या सारख्या करून दिल्या.

पाणी उतरून नावा सुटेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. भाऊजी आले ते दाढीचे खुंट वाढलेले, डोळे खोल गेलेले. धर्मशाळेत सगळ्यांच्या चुली पेटल्या होत्या, कुणीही काडी दिली असती, ताटसुद्धा वाढलं असतं. पण हा गृहस्थ शेव आणि पाण्यावर राहिला. का, तर तालीम म्हणजे तालीम! नावेतून उतरल्यावर त्यांनी ताईपुढं फक्त हात केला. ताईनं पदराची गाठ सोडून काडेपेटी त्यांच्या हातावर ठेवली, आणि ती त्यांनी खिशात घातली.

परतीच्या वाटेवर कालाकुंड स्टेशनात गाडी थांबली तशी आई म्हणाली, "अरे, इथं कलाकंद मिळतो ना? घे बरं. भूक लागलीय." पळसाच्या पानावरचा सगळा कलाकंद तिनं एकटीनं खाल्ला आणि पान चाटून वर म्हणाली, "जावईबापूंना विचारलंत का?" भाऊजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मित्राला नकार गेला. भोपाळचा हुकूमही यथावकाश आला. तेव्हा भाऊजी घरी येऊन टोपी न काढताच ताईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तू काय म्हणतेस?" ताई म्हणाली, "भोपाळ चालेल. सकाळी निघालं की संध्याकाळी आईकडे पोचता येतं." झालं. तालीम नाही, काही नाही, एकदम शाई! तळ्याच्या बाजूला घर मिळालं. "शहरही आलं आणि पाणीही आलं," असं ते वर ऐकवायचे. ताई दर महिन्याला इंदूरला यायची आणि आई गेली तेव्हा तिचं डोकं ताईच्याच मांडीवर होतं. त्या दिवशी नर्मदेला पूर आला नसता तर, असं अधूनमधून मनात येतं आणि मी हात जोडतो.

त्यानंतर भाऊजींना विचारायचं इतकं वेड लागलं की ताई वैतागून जायची. छत्री घेऊ का, पोस्टात आत्ता जाऊ की चहा पिऊन, ह्या कुशीवर झोपू का त्या. "अहो, तुमचं तुम्ही ठरवा की काहीतरी!" असं ती ओरडायची, आणि चांगलं मोठ्यानं ओरडायची. नर्मदेवर लागलेला आवाज तिनं पुन्हा कधी खाली येऊ दिला नाही.

निवृत्तीनंतर दोघं इंदूरला परत आली. पलासियाला आता पूर्वीची शांतता राहिलेली नाही, पेरूचं झाडही कुणीतरी तोडलं. गेल्या साली ताई गेली. मी रोज संध्याकाळी भाऊजींकडे जाऊन बसतो. परवा विचारलं, "भाऊजी, चहा टाकू?" त्यांनी मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली. ताईला उत्तर द्यायला लागायचा तेवढा वेळ थांबले आणि म्हणाले, "टाक. चालेल म्हणते."

माझा चेहरा त्यांनी पाहिला असणार. हसले, माझ्या गुडघ्यावर थापटलं.

"घाबरू नकोस सालेसाब. याची तालीम झालीय आपली. ती त्या काठावर, मी ह्या काठावर. नाव सुटेपर्यंत थांबायचं, बस."

चहाचं भांडं स्टोव्हवर ठेवून मी काडेपेटी शोधायला लागलो. ती त्यांच्या खिशात होती.